चलन घसरलं की कुणाचा घरखर्च किती वाढतो?

प्रश्न: चलनाच्या घसरणीची झळ गरिबांनाच जास्त बसते का?

बहुतेकदा, हो. समजा, चलनाचं मूल्य 20 टक्क्यांनी घसरलं. परकी चलन त्यामुळे 20 नव्हे, 25 टक्क्यांनी महागतं (1 ÷ 0.8 = 1.25); पुष्कळांचं गणित इथेच चुकतं. यातली निम्मी वाढ किरकोळ भावात उतरली, तर ती 12.5 टक्के. ज्या घराचा 60 टक्के खर्च धान्य, खाद्यतेल, इंधन अशा जागतिक भावाला बांधलेल्या वस्तूंवर होतो, त्याचा एकूण खर्च 7.5 टक्क्यांनी वाढेल. जिथे हा वाटा 24 टक्के, तिथे फक्त 3 टक्क्यांनी. सधन घरांचा पैसा बराचसा सेवांवर जातो आणि सेवांचे दर सावकाश हलतात.

दुसरी गोष्ट सहसा नजरेतून सुटते. महाग वस्तूच्या किमतीत दुकानभाडं, पगार असा स्थानिक हिस्सा मोठा असतो. त्याच वस्तूच्या स्वस्त प्रकारात तो थोडा, म्हणून स्वस्त मालच जास्त महागतो. डिसेंबर 1994 च्या अवमूल्यनानंतर दोन वर्षांत मेक्सिकोतल्या तळाच्या दहा टक्के कुटुंबांची महागाई वरच्या दहा टक्क्यांच्या 1.48 ते 1.62 पट होती, असा क्राविनो आणि लेव्हचेंको या अर्थतज्ज्ञांचा हिशेब आहे.

प्रश्न: गिनी गुणांक (उत्पन्नातली विषमता मोजणारा आकडा) तर हलला नाही. मग विषमता वाढली कशी म्हणायची?

सगळ्यांच्या उत्पन्नाला एकाच महागाई निर्देशांकाने भागलं, तर गिनी हलणारच नाही. उत्पन्नानुसार कुटुंबांचे दहा समान गट करा, प्रत्येक गटाच्या खर्चाच्या वाट्यांवरून त्या गटाचा वेगळा निर्देशांक काढा, त्याने उत्पन्न भागा, मग गिनी मोजा. वाटे घसरणीआधीच्या पाहणीतले असतील तर आकडा थोडा फुगतो, कारण लोक मधल्या काळात स्वस्त पर्यायांकडे वळलेले असतात.

प्रश्न: निर्यात वाढली की मजुरांनाही फायदा होतोच ना?

लगेच नाही. बिल डॉलरमध्ये, मजुरी स्थानिक चलनात. मधली वाढ आधी मालकाकडे जाते. मजुरीचे करार पुन्हा होईपर्यंत ती तिथेच राहते. सुटे भाग आयात करावे लागत असतील, तर मालकाच्याही हाती फारसं उरत नाही.

प्रश्न: परदेशातून पैसे येणाऱ्या घरांचं काय?

त्यांना फायदा. पण परदेशी जायलाच भांडवल लागतं, त्यामुळे अगदी तळाच्या घरांतून जाणारे कमी.

प्रश्न: कमी व्याज म्हणून परकी चलनात गृहकर्ज घ्यावं का?

पगार त्याच चलनात असेल तरच. वरच्या उदाहरणात हप्ता सरळ 25 टक्क्यांनी वाढतो, शिवाय उरलेलं मुद्दलही. हंगेरीत स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेतलेली घरं अशीच अडकली. शेवटी ती कर्जं कायद्याने फोरिंटमध्ये, म्हणजे हंगेरीच्या चलनात, बदलावी लागली.