घाट नको, सपाट हवंय: ग्रॅव्हलवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे साधी हायब्रिड सायकल आहे, ३५ मिमी रुंदीचे टायर. ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यावरचं सायकलिंग, म्हटलं की सगळे मुळशी नाहीतर ताम्हिणी सांगतात, पण गुडघ्यामुळे मला चढ नकोय. सपाटीवर मातीचा रस्ता मिळेल का? (एक वाचक, हडपसर)

अहो, तुम्ही तर योग्य टोकाला राहताय, फक्त तोंड पूर्वेकडे करा. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी, उरुळी कांचन, यवत करत पार इंदापूर तालुक्यापर्यंत जातो, लांबी २०२ किलोमीटर, आणि त्याच्या कडेनं बऱ्याच ठिकाणी मुरमाचा सर्व्हिस रोड आहे. कालव्याचं पाणी पंपाशिवाय आपापलं वाहतं त्यामुळे त्याला उतार अगदी नावापुरता असतो, आणि मध्ये टेकाड आलं की कालवा बहुतेक वेळा वळसा घालून जातो, म्हणून बाजूच्या रस्त्यालाही चढ जवळपास नसतो पण वळणं मात्र भरपूर, नकाशावर जवळ दिसणारं गाव कॅनॉलनं बरंच लांब पडतं. तेवढं पाणी आणि वेळ हिशोबात धरा.

शहराजवळचा भाग सोडून द्या, तिथे कचरा आणि गर्दी दोन्ही आहे. उरुळी कांचनपासून यवतच्या बाजूला सुरुवात करा, वीस-पंचवीस किलोमीटर करून परत. निघण्याआधी गावात एकच विचारा, आवर्तन चालू आहे का? पाणी सुटलेलं असलं की भरावातून पाझर होतो, कडा मऊ पडतात, मग शेताच्या बाजूच्या चाकोरीतूनच चालवायची. आणि हा रस्ता मुळात पाटबंधारे खात्याच्या कामासाठी आहे, गेट किंवा साखळी दिसली तर वाद न घालता दुसरा रस्ता धरायचा.

गुडघ्याबद्दल एक सांगतो. सपाट म्हणजे आरामाचं असं नाही, कारण उतार नसला की पाय थांबवायला जागाच मिळत नाही, तासन् तास पेडल चालूच. त्यामुळे गियर हलका ठेवा, सीट खाली असेल तर वर घ्या, आणि दुखायची वाट न बघता मधूनमधून उतरून थोडं चाला.

प्रश्न : ऑक्टोबरच्या पावसानंतर दौंडकडे गेलो होतो, पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या वाटेत, शिरलो आणि शंभर मीटरमध्ये चाकं जाम. काडीनं चिखल काढत बसलो. मडगार्ड काढले तर फरक पडेल का? (एक वाचक, मगरपट्टा)

थोडा पडेल, पण मूळ प्रश्न मातीचा आहे. भीमा खोऱ्यातली ती काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, मग टायर कितीही भारी असू दे, फ्रेम आणि चाकाच्या मधली फट भरणारच. मुरूम वेगळा, त्यातून पाणी खाली निघून जातं, चांगलं ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी चालवता येतो. म्हणून मी कायम म्हणतो, रूट ठरवताना आधी माती बघा आणि मग ॲप. ॲपमध्ये दोन्ही रस्ते सारखेच दिसतात.

शेतकऱ्यांकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे वाफसा. ते ओल्या रानात औत घालत नाहीत, माती बुटाला चिकटायची थांबेपर्यंत थांबतात, आपणही तेच करायचं. रस्त्यावर पाय दाबून बघा, तळव्याला गोळा लागला तर मागे फिरा. यात फक्त आपल्या सायकलचा प्रश्न नाहीये, ओल्या पाणंदीत आपण पाडलेली चाकोरी वाळून टणक होते आणि तिथून रोज डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या बाईचा पाय त्यात मुरगळतो. पाणंदी शोधायच्या असतील तर गाव नकाशा बघा, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. जागेवर ती नांगरली गेलेली असू शकते, तर पारावर विचारून मगच आत जा.

प्रश्न : फेब्रुवारीत भिगवणला फ्लेमिंगो बघायला ग्रॅव्हल बाईक घेऊन जायचंय. पाणी मागे गेलं की जमीन उघडी पडते असं ऐकलं, मग पार पाण्यापर्यंत सायकल नेता येईल का? मस्त फोटो येतील. (एक वाचक, कोथरूड)

जरूर जा, पण पाण्यापर्यंत सायकल अजिबात नेऊ नका, आणि हे मी कळकळीनं सांगतोय.

उजनी हे भीमेवरचं धरण, १९८० ला पूर्ण झालं, एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास. पावसाळ्यानंतर पाणी शेतांच्या बांधापर्यंत चढलेलं असतं, तेव्हा काठच्या कितीतरी वाटा पाण्याखाली जातात, आणि जसजसं पाणी सोडलं जातं तसतसा काठ दूर दूर सरकतो. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या पाण्याच्या पातळीखाली, गेलं की पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा बाहेर येतं. म्हणजे डिसेंबरमध्ये केलेला रूट मार्चमध्ये त्याच जागी नसतो. उघडी पडलेली जमीन वरून भेगाळलेली, कडक दिसते आणि खाली गाळ ओला असतो, सायकलचं चाक वरचं कवच फोडून आत जातं आणि माणूसही मांडीपर्यंत रुतू शकतो.

बरं ती जमीन रिकामीही नसते. लोक तिथे गाळपेर करतात, म्हणजे त्या गाळात पीक घेतात, मच्छीमारांची जाळी वाळत असतात, आणि फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित याच उथळ गाळात चोच उलटी घालून खातात. सायकल जवळ आली की अख्खा थवा उडतो, तुम्हाला फोटो मिळतो आणि त्यांचं खाणं राहतं. उन्हाळा लागला की टिटवी, नदीसुरय असे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांसारखीच दिसतात, चाकाखाली गेली तरी कळणारसुद्धा नाही.

त्यापेक्षा असं करा. गाडीत सायकल टाकून पहाटे भिगवण गाठा, पुण्याहून शंभरेक किलोमीटर आहे, सोलापूर हायवेवर सायकल चालवण्यात काही मजा नाही. भिगवणहून डिकसळ, कुंभारगाव, आणि दम असेल तर गावागावांतल्या कच्च्या रस्त्यांनी पळसदेवच्या बाजूला. कुंभारगावात सायकल लावा आणि स्थानिक नावाडी घेऊन होडीतून बघा, त्यांना थवा किती लांबून बघायचा ते बरोबर कळतं आणि चार पैसे गावात राहतात. रोहित नाही दिसले तरी पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक असतात, नुसते रोहित मोजायला जाणाऱ्यांचं फार काही बघायचं राहून जातं असं माझं मत आहे. दुपारी चिलापी माशाचं जेवण करूनच परत या.

प्रश्न : बाभळीच्या काट्यांनी जीव खाल्लाय. ट्यूबलेस करू का? (एक वाचक, वाघोली)

करा. कालव्याकडेला वेडी बाभूळ सगळीकडे आहे आणि तिच्या काट्यापुढे साधी ट्यूब टिकत नाही. ४० चा टायर आणि सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर ३५ पीएसआयच्या आगेमागे हवा पुरते. काटा निघाला की भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबा, ट्यूबलेस टायरच्या आत घातलेला सीलंट नावाचा द्रव ते भरतो. आपल्याकडच्या उन्हात तो लवकर वाळतो, दोन-तीन महिन्यांनी तपासत जा. एक ट्यूब आणि पंप तरीही जवळ पाहिजेच.

प्रश्न : मी एकटी सायकल चालवते. यवत, केडगाव भागात उसातून वाटा आहेत, पण बिबट्याची भीती वाटते आणि वस्तीवरची कुत्री मागे लागतात. शिवाय एकदा एका काकांनी अडवलं, म्हणे इथून जायचं नाही. (एक वाचक, मांजरी)

ताई, बिबट्याची भीती खोटी नाही, तो उसात राहतो. त्यामुळे उसाच्या कडेनं अंधारात, पहाटे किंवा संध्याकाळी जायचं नाही, ऊन वर आल्यावरच जा आणि उकिडवं बसून पंक्चर काढायची वेळ आली तर मोकळ्या जागेत, वस्तीजवळ या. कारखान्यात उसाचं गाळप चालू असताना, साधारण नोव्हेंबर ते मार्च, वळणावर घंटी वाजवा, उभ्या उसामुळे पलीकडून येणारा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिसत नाही आणि त्याला पटकन थांबताही येत नाही. थांबायचं आपण, वाट त्यांची.

कुत्र्यांना पळून हरवता येत नाही. उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढे जा, वस्तीतल्या कुणाला तरी हाक मारा, बहुतेक वेळा मालकाच्या एका आवाजात कुत्रं मागे फिरतं.

त्या काकांचं म्हणाल तर वाटेत बाभळीची फांदी आडवी टाकलेली असेल तर ती वाट बंद आहे असंच समजा, उचलून बाजूला ठेवू नका. माणूस समोर असेल तर हेल्मेट, गॉगल काढून आधी रामराम घाला आणि कुठून कुठे चाललाय ते सांगा. बांधावरून वाद चालू असतात, नवीन माणूस दिसला की मोजणीला आलाय का अशी शंका येते. तरी नाही म्हणाले तर नाही. बऱ्याचदा तेच पुढचा चांगला रस्ता दाखवतात, आणि परत त्या बाजूला गेलात की आधी त्यांनाच विचारा, कुठल्या शेताला पाणी दिलंय आणि कुठली वाट कोरडी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.