उलट बोलणं आणि नको म्हणणं

ज्ञानदा बाळा,

काल झोपताना तू विचारलंस, "आई, आपल्यात मोठ्यांना उलट बोलायचं नसतं ना, मग टीचर माझं नाव चुकीचं घेतात ते मी कसं सांगणार?" मी झोप आता म्हणून दिवा बंद केला, खरं म्हणजे मलाच पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून हे लिहितेय.

हजेरी घेताना टीचर तुझ्या स्पेलिंगपाशी अडखळतात, डी, एन, वाय... मग काहीतरी 'डायनंडा' असं निघतं, मागे खसखस पिकते आणि तू मान खाली घालून येस म्हणतेस. त्यात त्यांचीही फार चूक नाही, आपला ज्ञ आहेच तसा, हिंदीवाले ग्य म्हणतात, आपण द्न्य, इंग्रजीत तो धड बसतच नाही. पण "मिस, माझं नाव असं म्हणतात" हे सांगणं म्हणजे उलट बोलणं नाही गं. उलट बोलणं म्हणजे मी लहानपणी आजीला "तूच कर की" म्हणायचे ते.

घोटाळा आम्हीच करून ठेवलाय. भेटेल त्याला काका म्हण, मावशी म्हण, पाया पड, पापी दे, आणि नाही म्हटलं की लगेच आगाऊ झालीय. काका म्हणणं मानाचं आहे, ते राहू दे, पण काका म्हटलं म्हणून कोणी आपोआप आपला होत नाही. त्याने जवळ ओढलं, नको असताना फोटो काढला किंवा "आईला सांगू नकोस हं" म्हणाला तर सरळ नको म्हण, निघून ये आणि मला सांग. घरचा असला तरी. टीचर असले तरी. मीच शेजारी उभी राहून दे ना पापी म्हणत असले तरी (म्हणायचे मी, मागच्या वर्षीपर्यंत).

आणि हे काही माझ्या मनचं नाही. १९८९ साली युनोने मुलांच्या हक्कांचा करार केला, त्यात कलम १९ म्हणतं मुलांना इजेपासून, छळापासून जपा, आणि कलम २९ म्हणतं शिक्षणातून मुलाच्या आईवडिलांबद्दल, भाषेबद्दल, संस्कृतीबद्दल आदर वाढला पाहिजे. अमेरिका सोडून जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केलाय. तेव्हा तुझं नाव नीट घेणं म्हणजे टीचर तुझ्यावर उपकार करतायत असं नाही.

मिसना पाठवायचा ईमेल लिहून ठेवलाय, सोबत तुझं नाव माझ्या आवाजात रेकॉर्ड करून. अजून ड्राफ्टमध्येच आहे. सोमवारी तू स्वतः सांगणार असशील तर नाही पाठवत, सकाळी डबा भरताना सांग मला.

आई