बेड्या पडतात त्या चुकलेल्या तारखेमुळे

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेत साध्या ट्रॅफिक तिकिटावरून (म्हणजे वाहतूक पोलिसांच्या चलानावरून) तुमच्या मित्राला बेड्या कशा पडल्या, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येताना याची धास्ती घ्यावी का. माझा अंदाज, बेड्या तिकिटामुळे नाही, कोर्टाची तारीख चुकल्यामुळे पडल्या असतील.

नेहमीचं अटक वॉरंट निघतं गुन्ह्याच्या संशयावरून. पोलीस न्यायाधीशापुढे कारणं मांडतात. बेंच वॉरंट न्यायाधीश स्वतःच काढतात: तारखेला हजर नव्हता, दंड भरला नाही, प्रोबेशनची (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं सोडल्याची) अट मोडली, तर याला धरून आणा. किरकोळ प्रकरणात सहसा कोणी दार ठोठावत नाही. पण नाव यंत्रणेत चढतं आणि कोर्टाने काढल्याशिवाय उतरत नाही. चार वर्षांनी मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने गाडी थांबवली, लायसन्स तपासलं, की तिथून सरळ कोठडी. शुक्रवारी रात्री सापडलात तर शनिवार-रविवार आतच जाऊ शकतो. बऱ्याच राज्यांत गैरहजेरी हा वेगळा गुन्हा आहे. लायसन्सही निलंबित होऊ शकतं, आणि तशात गाडी चालवली तर आणखी एक खटला.

मी स्वतः यात सापडलो होतो. न्यू जर्सीत घर बदललं, एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरून दहा दिवसांच्या आत इमिग्रेशनला नवा पत्ता कळवला आणि निर्धास्त झालो. सरकारला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं, हा आपला समज! लायसन्सवरचा पत्ता तिथे आठवड्याच्या आत वेगळा बदलायचा असतो, कोर्टाला तिसरीकडे कळवायचं असतं. कोर्टाची नोटीस जुन्या घराच्या पेटीत पडून राहिली आणि वॉरंट निघालं. जुन्या रूममेटने पाकिटाचा फोटो पाठवला म्हणून कळलं. वकिलाने अर्ज करून वॉरंट रद्द करून घेतलं, नवी तारीख मिळाली. फी दंडाच्या कितीतरी पट गेली, पण आपणहून गेलं की न्यायाधीश बरेच मवाळ असतात.

व्हिसावाल्यांना खरी भीती अटकेची. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली आहे का’ असा प्रश्न असतो, आणि खटला निकालात निघाला तरी उत्तर ‘हो’च. भारतातून परतताना विमानतळावरही जुनं वॉरंट दिसू शकतं. असं काही असेल तर प्रवासाआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

तिकीट हातात आलं की पूर्ण वाचा. त्यावरची सही म्हणजे कबुली नव्हे, उत्तर देण्याचं किंवा हजर राहण्याचं वचन. काही तिकिटं ऑनलाइन भरून संपतात, काही नाही. व्हर्जिनियात तासाला ८५ मैलांच्या वर गेलात तर तो फौजदारी गुन्हा: १२ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड. दंड परवडत नसेल तर गप्प बसू नका, हप्ते मागा. ऐपत नाही एवढ्याच कारणावरून थेट तुरुंगात टाकता येत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्येच ठरवलंय.

ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसण्याच्या बोलावण्याचं, पत्रही येऊ शकतं, कारण नावं लायसन्सच्या यादीतून घेतात. आपण नागरिक नाही, त्यामुळे बसता येत नाही. तरी ‘नागरिक नाही’वर खूण करून परत पाठवाच. आणि ‘ज्युरी ड्यूटी चुकवलीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने पैसे भरा’ असा फोन आला तर ती फसवणूक समजा आणि फोन ठेवून द्या. शंका उरलीच तर कोर्टाचा नंबर स्वतः शोधून क्लार्कला विचारा.