जुन्या विटांच्या चिमणीत वुड स्टोव्हसाठी स्टीलचा लायनर टाकताना सील कुठे आणि कशाने करायचं?

तुमचं घर मॅसॅच्युसेट्समधलं, जुनं, विटांच्या चिमणीचं. फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवायचाय, आणि कंत्राटदार म्हणतो की लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारा धुराचा स्टील पाइप, खाली सोडला, भोवतीच्या फटीत ग्लासवूल कोंबली की काम झालं. तसं करू नका. मी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो, आमचा हिवाळा लाकडावरच निघतो आणि आमच्या चिमणीतला लायनर मी स्वतः बसवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सील कशासाठी, ते पाहू. धूर बाहेर येऊ नये म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. पण चिमणी नीट ओढत असेल तर पाइपच्या आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो. त्यामुळे फट राहिली तर धूर बाहेर येण्याआधी बाहेरची गार हवाच आत ओढली जाते. ही हवा धुराला थंड करते. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की गरम चहावर झाकलेल्या बशीला पाणी धरावं तसं त्यातलं डांबर पाइपच्या आतल्या बाजूला धरतं. हेच क्रिओसोट, आणि चिमणीला आग लागते ती यालाच. तेव्हा सगळी खटपट पाइप शेंड्यापर्यंत गरम राहावा म्हणून आहे.

लायनर मुळात लागतो तोही त्यामुळेच. स्टोव्हचं धूर सोडणारं तोंड बहुधा ६ इंचांचं, म्हणजे सुमारे २८ चौरस इंच. फायरप्लेसच्या चिमणीतल्या १२ इंची चौकोनी मातीच्या टाइलचं आतलं क्षेत्रफळ त्याच्या तिपटीहून जास्त भरतं. इथला चिमण्यांच्या अग्निसुरक्षेचा एनएफपीए २११ नियम चिमणी घराच्या आत असेल तर तिपटीपर्यंत चालवून घेतो, तिची एखादी बाजू उघड्यावर असेल तर दुपटीपर्यंतच. मोठ्या थंड पोकळीत धूर रेंगाळतो. लायनर स्टोव्हच्या तोंडाइतकाच घ्या, कमी नको. फक्त लाकूड जाळणार असाल तर ३०४ दर्जाचं स्टील चालतं. ३१६ टीआय दर्जाचं स्टील आम्लाला जास्त टिकतं. काहीही घेतलं तरी त्यावर यूएल १७७७ची, म्हणजे लायनरच्या सुरक्षा-चाचणीच्या मानकाची, नोंद हवीच.

आता इन्सुलेशन. पैसे वाचवायला लोक नेमकं हेच गाळतात आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. जुन्या घरांत लाकडी तुळया विटांना टेकलेल्या असतात. नियमाप्रमाणे आतल्या चिमणीपासून लाकूड २ इंच आणि बाहेरच्या चिमणीपासून १ इंच लांब हवं. भिंतीत ते अंतर सापडलं नाही तर इन्सुलेशन गुंडाळलेला लायनर हाच मार्ग. सिरॅमिक वूलची अर्धा इंच जाड गुंडाळी मिळते. तिची फॉइलची बाजू बाहेर ठेवायची, जोडावर फॉइल टेप लावायची आणि वरून स्टीलची जाळी चढवायची, म्हणजे खाली सोडताना विटांवर घासून फाटत नाही. मात्र ६ इंची पाइप असा गुंडाळला की ७ इंचांहून थोडा जाड होतो. म्हणून लायनर मागवण्याआधी टाइलचं सगळ्यात अरुंद माप घ्या, चिमणी कुठे वळलीये का तेही बघा. ८ बाय १२च्या टाइलमधून बहुधा तो जाणार नाही. मग टाइल फोडून काढाव्या लागतात. ते काम माहितगाराकडूनच करून घ्या.

वरच्या टोकाला टॉप प्लेट, म्हणजे चिमणीचं तोंड झाकणारा पत्रा, टाइलच्या कडेवर बसते. तिच्याखाली बाहेरच्या कामाच्या सिलिकॉनची जाड, अखंड रेघ ओढा. इथे सिलिकॉनच बरोबर, कारण शेंड्याला उष्णता कमी असते आणि सिमेंटसारखं ते तडकत नाही. लायनर या प्लेटला क्लॅम्पने लटकतो. त्यावर स्टॉर्म कॉलर (पावसाचं पाणी अडवणारं कडं) आणि टोपी.

खाली फायरप्लेसच्या गळ्यात डॅम्परची (धुराची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेची) चौकट आड येते. पाइप चपटा करून तिच्यातून घालू नका, चौकट कापा. मग पाइपच्या मापाचं भोक पाडून पत्र्याची ब्लॉक-ऑफ प्लेट गळ्यात बसवा. कडा फर्नेस सिमेंटने (उष्णता सोसणाऱ्या सिमेंटने) बंद करा आणि प्लेटच्या वर रॉकवूल (दगडी लोकर) भरा. ग्लासवूल नको, इतक्या उष्णतेपुढे ती टिकत नाही. ही प्लेट नसेल तर स्टोव्हची ऊब लायनरभोवतीच्या पोकळीत चढून विटा तापवत बसते आणि खोली गारच राहते. कंत्राटदारांना प्लेट नकोशी असते, कारण धुराड्यात डोकं घालून दोन तास काम करावं लागतं. तिचा हट्ट धराच.

टी (तीन तोंडांचा जोड), अडॅप्टर, स्टोव्हपाइप (स्टोव्हपासून लायनरपर्यंतचा पाइप) यांच्या प्रत्येक जोडाला ३ स्क्रू. केसाएवढ्या फटीला फर्नेस सिमेंट पुरतं. फट मोठी असेल तर आधी सिरॅमिक दोरी भरा. सिमेंट लगेच जोरात तापवलं तर भेगाळतं, म्हणून पहिले काही जाळ छोटे ठेवा. साध्या स्टोव्हपाइपचं मुरडलेलं टोक नेहमी स्टोव्हच्या दिशेला, म्हणजे उतरणारं डांबर पाइपच्या आतच राहतं. या गरम जोडांना सिलिकॉन लावू नका, लाल उच्च तापमानाचंही नाही.

स्वतः करता येईल का? येईल, पण दोन माणसं हवीत: एक छपरावर पाइप सोडायला, दुसरा खालून दोरीने ओढायला. छपराचा उतार तीव्र असेल तर माणूस बोलवा. काही झालं तरी मॅसॅच्युसेट्समध्ये परमिट आधी घ्यावं लागतं, आणि इन्शुरन्सवालेही तेच विचारतात. पाइप टाकण्याआधी चिमणी झाडून घ्या आणि कॅमेऱ्याने तपासून घ्या. तळघरातल्या ऑइल बॉयलरचा धूर याच नळीत येत असेल तर तिथेच थांबा. त्या नळीत हा स्टोव्ह जोडता येणार नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मजल्यागणिक हवाच.

टाइलचं आतलं माप आणि चिमणी घराच्या आत आहे की बाहेरच्या भिंतीला, एवढं कळवा. मग अर्ध्या इंचाची गुंडाळी बसेल का ते सांगतो.