वाचकांचे प्रश्न : भिंतीवर सांडणारा प्रकाश

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय निपाणीच्या बाजारपेठेत असून नवी शाखा महामार्गापलीकडे सुमारे 900 मीटरवर आहे. केबल ओलांडून नेण्याची परवानगी रखडल्यामुळे एका पुरवठादाराने दोन्ही गच्च्यांवर प्रकाशाच्या झोतातून माहिती पाठवणाऱ्या लेसरच्या पेट्या बसवण्याचे सुचवले आहे. प्रकाश सरळ रेषेत जात असल्याने तो कोणी चोरू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. शाखेच्या मागे तंबाखूची तीन मजली वखार आहे. सभासदांच्या खात्यांची माहिती अशी उघड्यावरून पाठवावी काय? – पतसंस्थेचे सचिव, निपाणी

उत्तर : पाठवण्यास हरकत नाही, मात्र पुरवठादार सांगतात त्या कारणासाठी नव्हे. रेडिओलहरी चहूकडे पसरतात आणि लेसरचा झोत अरुंद राहतो, एवढे खरे आहे; परंतु अरुंद झोतही वाटेत रुंदावतोच. तो 2 मिलिरेडियनने, म्हणजे दर हजार मीटरला 2 मीटर, पसरत असेल, तर 900 मीटरवर त्याचे वर्तुळ 1.8 मीटर व्यासाचे होते. त्यासमोर आपल्या पेटीचे भिंग 15 सेंटिमीटरचे असले, तर त्यात साधारण शेकडा एक भागही प्रकाश शिरत नाही. उरलेला सगळा पेटीभोवतीच्या भिंतीवर पडतो किंवा कठड्यावरून पुढे निघून जातो, आणि पुढे तुमची वखार उभी आहे. तिच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत कोणी मोठे भिंग ठेवले, तर त्याला तुमच्या पेटीपेक्षा जास्त प्रकाश मिळू शकेल आणि तुमच्याकडे येणारा प्रकाश तसूभरही कमी होणार नाही. झोतात मधेच हात घालण्याची त्याला गरजच नाही.

म्हणून पुरवठादाराला पहिली विचारणा झोत किती पसरतो याची करावी. तो 0.3 मिलिरेडियनवर आणला, तर तेच वर्तुळ 27 सेंटिमीटरचे होते आणि सुमारे तिसरा हिस्सा प्रकाश भिंगात येतो. अडचण अशी की उन्हाने स्लॅब तापतो, वाऱ्याने आधार हलतो आणि इतका बारीक झोत नेमावरून सरकतो. त्यासाठी झोत आपोआप नेमावर ठेवणारी यंत्रणा लागते व ती महाग असते. ती टाळायची असली की झोत रुंद ठेवण्याचा सोपा मार्ग पत्करला जातो. शाखेकडील पेटी जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसवता आली, तर पुढे जाणारा प्रकाश तिथेच अडेल. भिंतीला चकाकी नसलेला काळा रंग द्यावा. चकचकीत पत्रा लावू नये, कारण तो प्रकाश भलतीकडेच परतवतो. मुख्य कार्यालयाच्या पेटीमागेही हीच व्यवस्था हवी, कारण झोत दोन्हीकडून येत असतो.

आलेल्या प्रकाशाची नोंद ठेवून चोरी ओळखता येते, असेही तुम्हाला सांगितले जाईल. झोतातला निम्मा प्रकाश कोणी वळवला तर 3 डेसिबलची घट दिसते. पण शेकडा पाच वळवला तर ती जेमतेम 0.2 डेसिबल भरते आणि दुपारच्या तापलेल्या हवेच्या थरथरीत विरून जाते. नोंद जरूर ठेवावी, पण ती शांत दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झोत शोधण्याची युक्तीही अशा पेट्यांत अनेकदा वापरल्या जाणाऱ्या 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अदृश्य प्रकाशाला लागू पडत नाही, कारण सिलिकॉनच्या कॅमेऱ्यांना तो दिसतच नाही.

खरा भरवसा एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती किल्लीवाचून उलगडणार नाही अशा रूपात पाठवण्याचा. त्यातही ते कुठे होते हे पाहावे. ते गच्चीवरच्या पेटीत होत असेल, तर पेटीपासून खालच्या खोलीपर्यंत बाहेरच्या भिंतीवरून उतरणाऱ्या वायरीतून तुमची माहिती उघडीच जाणार आणि लेसरवर केलेला सगळा खर्च त्या वायरीपाशी वाया जाणार. हे काम कुलूपबंद खोलीतल्या यंत्रात, 256 बिटांच्या किल्लीने व्हावे. चोरून ऐकणाऱ्यापर्यंत येणारा संकेत आपल्यापेक्षा खराब असेल तर किल्लीविनाही गुप्तता शक्य आहे, असे माहितीशास्त्रज्ञ ॲरन वायनर यांनी 1975 मध्ये दाखवले होते. पण वखारीतल्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगला संकेत मिळू शकतो, म्हणून तो आधार येथे टिकत नाही. 2021 मध्ये इस्रोने अहमदाबादेत 300 मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम पद्धतीने, म्हणजे मधे कोणी ऐकल्यास ते कळून येईल अशा रीतीने, किल्ली पाठवून दाखवली, हे अभिमानास्पद आहे. पतसंस्थेला मात्र आज त्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात दाट धुके उतरते. धुक्यात विखुरलेला प्रकाश बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाचता येईल का? – एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तत्त्वतः येईल, व्यवहारात फार कठीण. धुक्याचे थेंब काही मायक्रॉनचे (मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे आणि संख्येने अगणित असतात, त्यामुळे मिलिमीटरभर थेंबांच्या पावसापेक्षा ते झोत अधिक विखुरतात. परंतु तो प्रकाश अनेक वाटांनी, पुढेमागे पोहोचतो. सेकंदाला एक अब्ज बिट पाठवताना एका बिटाच्या वेळात प्रकाश 30 सेंटिमीटरच जातो. वाटांतला फरक काही मीटरांचा झाला की बिट एकमेकांत मिसळतात.

धुक्याचा धोका दुसरीकडे आहे. झोत तुटला की अनेक यंत्रणा आपोआप रेडिओवर जातात आणि तो पर्यायी मार्ग बहुधा दुर्लक्षित, कधीकधी एन्क्रिप्शनविना असतो. ज्याला ऐकायचे आहे तो धुक्याची वाट पाहत बसणार नाही. पेटीसमोर एखादे फडके लोंबकळत ठेवले तरी त्याचे काम भागते. झोत तुटल्यावर माहिती कोणत्या मार्गाने जाते आणि तिथेही एन्क्रिप्शन असते का, हा प्रश्न निपाणीच्या सचिवांनीही आपल्या पुरवठादाराला विचारावा.