मधपेट्या बघायला जाताना: आधी काय विचारायचं, उभं कुठे राहायचं

एका कुटुंबाच्या मधपेट्या बघायला सात वर्षांचा मुलगा, आठ महिन्यांची मुलगी आणि सासूबाईंना घेऊन जायचंय, जाळीची टोपी मिळणार आहे, तेवढी पुरे का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. पण टोपीवर भिस्त ठेवू नका. खरी काळजी आधी फोनवरच घ्यायची असते.

छोट्या ठिकाणी पेटी उघडणारा आणि माहिती सांगणारा माणूस बहुधा एकच असतो. माश्यांनी लगडलेली फ्रेम, म्हणजे पेटीतली पोळ्याची चौकट, दोन्ही हातांत असताना तो तुमच्या मुलाला सावरू शकत नाही. म्हणून त्या वेळी दुसरं कोणी हाताशी असेल का, हे विचारून घ्या. नसेल तर मुलाला मागे न्यायचं काम तुमच्यापैकी कोणाचं, ते घरीच ठरवा, आणि त्या माणसाने फोटो काढत बसायचं नाही. धाकटीला पेट्यांजवळ नेऊच नका.

घरात कोणाला पूर्वी माशी किंवा गांधीलमाशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का, चक्कर आली होती का? तसं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. सासूबाईंच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठी देतात ते एक औषध) असेल तर तेही विचारा, कारण त्याने ॲड्रेनलिनचा, म्हणजे तीव्र ॲलर्जीत द्यायच्या इंजेक्शनचा, परिणाम कमी होऊ शकतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

वेळ उन्हाची, वारा पडलेला असतानाची घ्या. तेव्हा पुष्कळशा माश्या फुलांवर गेलेल्या असतात. आभाळ भरून आलं आणि मालक "आज पेटी उघडत नाही" म्हणाले, तर आग्रह धरू नका. असं स्पष्ट सांगणाऱ्या माणसाकडेच मी माझी मुलं निर्धास्त पाठवेन.

कपडे फिकट आणि गुळगुळीत हवेत, काळे किंवा लोकरी नकोत. पँट मोज्यांत खोचा, केस बांधा, अत्तर लावू नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते उभं राहण्याच्या जागेत. पेटीच्या दारासमोर माश्यांची ये-जा ठरावीक वाटेने चालते. पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या चिकटलेली माशी फळीवर उतरते आणि पहाऱ्यावरची माशी तिला हुंगून आत सोडते. हे बघायला लोक नेमके दारासमोर येतात आणि परतणाऱ्या माश्या त्यांच्या पाठीशी तुंबतात. बाजूने बघा, तितकंच छान दिसतं. फ्रेमवर श्वास सोडू नका. एखादी माशी चेहऱ्यावर येऊन पुन्हापुन्हा धडकू लागली तर तो इशारा समजा. हात न झटकता, मान खाली घालून, लांब चालत जा. बऱ्याच माश्या मागे लागल्या तर मात्र चेहरा झाकून थेट गाडीत किंवा बंद खोलीत पळा.

मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते आणि तिच्यासोबतची विषाची पिशवी विष सोडतच राहते. चिमटा शोधत बसू नका, नखाने लगेच खरवडून काढा. त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो इतर माश्यांना बोलावणारा गंध असतो, म्हणून ताबडतोब पेट्यांपासून दूर व्हा. मग साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा. त्याच जागची सूज दुसऱ्या दिवशी वाढली तरी बहुतेक वेळा काळजी नसते.

पण चावलेली जागा सोडून इतरत्र गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघू नका. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, चालवू नका. इंजेक्शनने बरं वाटलं तरी हॉस्पिटल टाळू नका, त्रास पुन्हा उलटू शकतो. जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि पेट्यांपाशी फोनला रेंज येते का, हेही त्याच फोनवर विचारून ठेवा.

शेवटी सगळ्यांना मध चाखायला देतील. कोणी कौतुकाने धाकटीच्या ओठाला बोट लावू लागलं तर थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. त्यात बोट्युलिझमच्या (बाळाचे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि मध ताजा, शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही.