चावी फिरवताच काटा एचवर? सेन्सर बसवायच्या आधी वायर काढून बघ

भावा, तुझं दुखणं मला कळलं ते असं. वडिलांची १९९६ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव. पंधरा दिवस झाले, सकाळी चावी फिरवली की टेंपरेचरचा काटा थेट एचवर, म्हणजे गरमच्या टोकाला. खड्ड्यात आदळली की कधी खाली येतो, परत चढतो. मिस्त्री म्हणतोय रेडिएटर बदला, हेडपण (इंजिनचा वरचा भाग) उघडावं लागंल. आणि तू काट्याला तापमान कळवणारा सेन्सर मागवून बसलायस.

रात्रभर दारात उभी असलेली गाडी चावी फिरवताच तापत नसते. त्यामुळं रेडिएटर आणि हेड हे दोन्ही विषय आत्ता बाजूला ठेव. पण म्हणून सेन्सरच गेलाय असंही नाही. मला तर तुझ्या खड्ड्यावरून वायरचा वास येतोय.

या गाडीतली व्यवस्था अगदी साधी आहे. चावी ऑन केली की मीटरला करंट येतो, मीटरमधून एकच वायर सेन्सरपर्यंत जाते आणि सेन्सर आपल्या आट्यांमधून इंजिनला अर्थ होतो, म्हणजे करंटला परतीची वाट मिळते. त्याच्या पोटात थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विरोध बदलणारा तुकडा असतो. त्याचा विरोध पाणी गार असताना जास्त असतो, पाणी तापेल तसा उतरत जातो. विरोध उतरला की करंट वाढतो आणि काटा चढतो. म्हणजे वायर तुटली तर काटा सीवर, म्हणजे गारच्या टोकाला, मेल्यासारखा पडून राहणार, आणि तीच वायर सोलून कुठं बॉडीला टेकली तर काटा एचवर जाणार, मग इंजिन बर्फात ठेवलं तरी.

आता तपासणी. इंजिन थंड पाहिजे. बॉनेट उघड, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) घराजवळ मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा नळ्यांचा भाग) पितळी बोल्टासारखा तुकडा दिसेल, वर एकच पिन, एकच वायर. ती वायर उपस, कशालाही टेकणार नाही अशी धर आणि कुणाला तरी चावी ऑन करायला सांग. काटा सीवर आला आणि तिथंच राहिला तर सेन्सर आतून शॉर्ट आहे, तुझी ऑर्डर बरोबर. काटा एचवरच राहिला तर सेन्सर निर्दोष आहे. मग वायर फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बोटानं चाचपत जा. जिथं ती पत्र्याच्या कडेवरून जाते किंवा गरम पाइपला घासते तिथं सोललेली सापडण्याची शक्यता दाट. आणि काटा एकदा खाली आला म्हणून लगेच निकाल देऊ नकोस, वायर हलवून बघ. तुझा दोष येतोजातोय, तो तपासणीच्या वेळीच दडी मारेल.

पेट्रोलचा काटाही सोबत वेडंवाकडं करतोय का, तेही बघ. दोन्ही काटे एकदम बिघडले तर सेन्सर सोड आणि मीटरमागचा पुरवठा आणि अर्थ तपास.

ज्यांचा काटा उलट वरच चढत नाही त्यांनी तीच काढलेली वायर मीटरच्या छोट्या बल्बमधून इंजिनला टेकवावी. काटा हलला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर संशयित. थेट टेकवायची असेल तर क्षणभरच, जुनं मीटर जास्त वेळ सोसत नाही. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत मात्र दोन वायरींचा आणखी एक सेन्सर असतो, तो ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा. त्याच्या वाटेला हा प्रयोग घेऊन जायचं नाही.

काटा खाली आहे म्हणजे इंजिन गार आहे, ही समजूत मला एकदा महागात पडलीय. वैभववाडीहून करूळ घाट चढत होतो. मध्यावर असलेला काटा हळूहळू उतरायला लागला. मला वाटलं, गगनबावड्याचा गार वारा लागतोय, गाडी खूश आहे. प्रत्यक्षात खालच्या होजची क्लिप सैल होऊन पाणी रस्त्याला लागलं होतं, आणि सेन्सर पाण्यात नाही तर हवेत लोंबकळत होता. हवेतला सेन्सर पाण्याचं तापमान काय सांगणार? हीटर सुरू केला तर गार वारा, तिथं तरी शहाणं व्हायला हवं होतं. अॅल्युमिनियमचं हेड वाकलं, उद्यमनगरात घासून घ्यावं लागलं. म्हणून काहीही उघडायच्या आधी रेडिएटरमध्ये पाणी आहे का बघ, शेजारच्या ओव्हरफ्लोच्या बाटलीत नव्हे. बाटली भरलेली आणि रेडिएटर कोरडा, असं होतं.

सेन्सर काढलास तर नवा आणि जुना दोन्ही पातेल्यात तपास. घरचं नको, जुनं पातेलं घे, आईचा ओरडा खाऊ नकोस. सेन्सरचं टोक पाण्यात, पिन कोरडी. मल्टिमीटरची एक वायर पिनेला, दुसरी पितळेच्या अंगाला. गार पाण्यात काही शे ओहम दिसावेत आणि पाणी तापेल तसा आकडा अडखळत नव्हे, सलग खाली यावा. उकळीला तो काही दहा ओहमांवर येतो. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून इथं पाणी शंभरला नाही, साधारण ९८ अंशांना उकळतं. दोन अंशांनी आपलं काही अडत नाही, पण जुना आणि नवा एकाच उकळीत ठेवून आकडे लिहून घे. नवा फार वेगळा बोलत असेल तर काटाही वेगळ्या जागी थांबणार, हे आधीच कळलेलं बरं.

दुकानात 'टेंपरेचर स्विच' मागू नकोस, रेडिएटरच्या फॅनचा स्विच हातात पडेल. तो ठरावीक तापमानाला नुसता चालू-बंद होतो, काट्याला त्याचा उपयोग नाही. जुना तुकडा खिशात घालून जा आणि आटे जुळवून घे.

बदलायचं काम अर्ध्या तासाचं. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरची कॅप उघडायची नाही. कॅपच्या दाबामुळं आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप फिरवताच दाब पडतो आणि तेच पाणी तोंडावर येतं. थोडं पाणी खाली काढ, सेन्सरच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून चहा पिऊन ये. पितळ मऊ असतं, साध्या पान्यानं कोपरे गोल होतात, बॉक्स पाना वापर. नवा आधी हातानं बसव, दोन-तीन आटे सरळ गेले की मगच पाना, आणि मॅनिफोल्डमध्ये जातोय हे लक्षात ठेवून बेतानं आवळ.

टेफ्लॉन टेपबद्दल माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा बसवताना गळती नको म्हणून नळाला गुंडाळतात तशी भरपूर टेप गुंडाळली. पाणी थेंबभर गळलं नाही, पण अर्थही पोचला नाही. काटा मेला. मी मीटर बदललं! वायरमननं टेप खरवडून काढली तेव्हा काटा उठला. सोबत वॉशर आलं असेल तर टेप लागतच नाही.

शेवटी कूलंट भर. बोअरचं पाणी ओतू नकोस, आत क्षार धरतात. डिस्टिल्ड पाण्यात मिसळ. कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू कर, हीटर असेल तर गरमवर ठेव. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज तापतो, बुडबुडे येतात, पातळी खाली जाते. तेवढं भर, बुडबुडे थांबले की कॅप लाव. मग रंकाळ्याला एक फेरी मार आणि काटा कुठं स्थिरावतो ती जागा लक्षात ठेव.

उद्या सकाळी वायर उपसून बघ आणि काटा खाली आला की नाही एवढं कळव. नाही आला तर सेन्सरचं पाकीट फोडू नकोस, उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.